भूमिगत : गेलेले आणि उतरवलेले

‘भूमिगत’ म्हणजे भूमीत गेलेले. पण स्वतःहून गेलेले की खाली उतरवलेले, हे हा शब्द सांगत नाही. माझ्या मते त्याचा सामाजिक इतिहास नेमका तेथे सुरू होतो.

1942 च्या लढ्याने या शब्दाला तेज दिले. क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत राहिले, साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले आणि 1946 मध्ये ते उघडपणे लोकांत आले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांचा त्याग मोठाच. तरी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ते जमिनीखाली नव्हे, सरकारच्या नजरेआड गेले होते. आणि तेही स्वतःच्या निश्चयाने.

दुसरा अर्थ पाण्याचा. माझे गाव डाळज, तालुका इंदापूर. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात आमच्या भागातील जमिनी गेल्या. त्यांना सरकारी कागद ‘बुडीत’ म्हणतो. उरलेल्या जमिनीखालचे पाणी मात्र ‘भूमिगत’. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला. 1923 चा बोले ठराव आणि 1927 चा महाडचा संगर यांनी सार्वजनिक पाणवठ्यावरचा आपला हक्क उभा केला. खाजगी विहीर जमिनीबरोबर मालकाकडेच राहिली. 2009 च्या भूजल कायद्याने उपशाच्या नियमनाची तरतूद केली, पण विहीर खणायला आधी जागा लागते. ज्याला भूमी नाही, त्याला भूमिगत पाणी कोठले?

तिसरा अर्थ शहरातला : भूमिगत गटार. योजनेच्या कागदावर नळांची लांबी असते, खर्च असतो. झाकण उघडून आत उतरणारा माणूस त्या शब्दात कोठेच नसतो, आणि त्याची जात सर्वांना ठाऊक असते. 2013 च्या कायद्याने गटारातील धोकादायक सफाईला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती 30 लाख केली. मनाईनंतरही भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरतच राहिली.

एकाच शब्दाने एकाला गौरव, दुसऱ्याला मालकी आणि तिसऱ्याला मरण दिले. म्हणून माझ्या शिक्षक-विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे : हा शब्द वाचाल तेथे त्यातला कर्ता शोधा. कोण गेले आणि कोणाला उतरवले, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.