आंद्रेचे पाणी आणि सुताचे फूल



मावळात उभे राहून इतिहासावर बोलावयाचे म्हणजे लोहगड-विसापूरवर बोलावयाचे, तुंग-तिकोन्यावर बोलावयाचे, अशी आपली जुनी रीत आहे आणि ती काही वाईट नाही. आज मात्र मी जो विषय निवडला आहे तो फार मऊ आहे. क्रोशाच्या सुईने सुताची किंवा लोकरीची फुले विणतात, अगदी खऱ्यासारखी. रुखवताच्या टेबलावर आपण सर्वांनी ती पाहिली आहेत आणि दोन कौतुकाचे शब्द बोलून पुढे गेलो आहोत. या फुलांना इतिहास आहे काय? आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या आंदर मावळाच्या नदीत बुडालेले आहे.

आधी त्या टोकाकडे जाऊ. टाकवे बुद्रुकवरून वडेश्वरच्या वाटेने वर जात राहिले म्हणजे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात आणि खांडी-कुसूरच्या बाजूस सह्याद्रीची धार लागते. कुसूरच्या घाटाने पूर्वी माणसे, बैल आणि डोक्यावरची ओझी खाली कोकणात भिवपुरीकडे उतरत. या खोऱ्याची नदी आंद्रा. ती पूर्वेकडे वाहते, इंद्रायणीस मिळते. तेथून भीमा, भीमेतून कृष्णा, आणि शेवटी पूर्वसमुद्र. निसर्गाने घालून दिलेली ही वाट १९२२ साली मोडली. ठोकरवाडीस धरण बांधून टाटांच्या कंपनीने हे पाणी अडविले, बोगद्याने पश्चिमेस नेले आणि घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरावर सोडले. कंपनीचे नाव ‘आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय’. १९१६ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या नावावरून पुष्कळांस ती तेलुगू मुलखातली वाटते. पण ते नाव आपल्या या लहानशा नदीचे आहे, इंग्रजी स्पेलिंगात थोडेसे फुगलेले.

ही वीज कोणासाठी होती? मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. गिरण्यांचे भोंगे मुंबईत वाजू लागले ते १८५० नंतरच्या दहा वर्षांत, आणि पुढे पन्नासाहून अधिक वर्षे त्या कोळशावर चालल्या. कोळसा लांबून आणावा लागे. घाटावर पाऊस भरपूर पडतो आणि खाली दीड हजार फुटांहून अधिक खोल कडा आहे, हे जमशेटजी टाटांनी हेरले होते. ते १९०४ साली वारले, पण योजना राहिली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस पडून १९१५ साली पहिली वीज मुंबईस गेली, त्यानंतर भिवपुरी, त्यानंतर मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुळशीला सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, १९२१ साली, म्हणून मुळशीचे दुःख पुस्तकांत शिरले. आंदर मावळातही शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यांच्या वाट्याला पुस्तक आले नाही एवढेच.

म्हणजे मावळच्या पाण्यावर गिरणीच्या चात्या फिरू लागल्या, कापसाचा पेळू क्षणात सूत होऊ लागला. चरख्यावर दिवसभर बसून जेवढे सूत निघे तेवढे गिरणीत पापणी लवते न लवते तोच निघे. पण त्या सुताचे फूल करावयाचे म्हटले की ही सगळी वीज तेथेच थांबते. क्रोशाचे काम हाताच्या तोडीने करणारे यंत्र कारखान्यांत अजून रुळलेले नाही. बाजारात ‘क्रोशा’ म्हणून जे यंत्रावरचे कापड मिळते ते दुसऱ्याच तऱ्हेचे विणकाम असते, नुसते दिसावयास तसे.

हे असे का, ते थोडे खुलाशाने सांगितले पाहिजे. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे बसलेले असतात. त्यामुळे सुईच्या जागी आकड्यांची रांग लावता येते. विल्यम ली याने १५८९ सालीच इंग्लंडात मोजे विणण्याचा माग केला तो याच युक्तीवर. क्रोशात तसे नाही. येथे प्रत्येक टाका पुरा करून, बंद करूनच पुढे जावयाचे. एका वेळी सुईवर जिवंत असा एकच फास. आणि पुढचा टाका कोठे घालावयाचा, मागच्या साखळीत, खालच्या खांबाभोवती, की पाकळीच्या पाठीमागून, हे विणणारी त्या क्षणी ठरविते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब एवढीच सारी अक्षरे. पण त्यांची जागा हाताला कळते, यंत्राला कळत नाही.

फूल खऱ्यासारखे होते तेही याच मोकळीकीमुळे. एका घरात एकच टाका घातला तर काम सपाट राहते. एका घरात दोन-तीन घालू लागले की कड वाढते, तिला मावावयास जागा उरत नाही आणि ती चुण्या घेऊन उठते. गुलछडीची पाकळी सपाट हवी, कार्नेशनची चुणीदार हवी. फरक टाक्यांच्या मोजणीचा. गुलाब करावयाचा तर लांब पट्टीवर लहानमोठ्या कमानी विणतात आणि मग ती पट्टी गुंडाळीत जातात, आतून बाहेर, म्हणजे कळी आधी व उमललेल्या पाकळ्या नंतर. खाली हिरवे पाच दळांचे संपुट, देठात तार, तारेवर हिरवे सूत. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ साली, कागदावर नीट दाखविता न येणारी एक वक्र भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात देता यावी म्हणून क्रोशाचीच सुई उचलली आणि ठरावीक प्रमाणात टाके वाढवीत नेले. निघाली ती फुलाच्या पाकळीसारखी चुणीदार आकृती. आपल्या आज्या-पणज्या ते गणित जाणत नव्हत्या असे म्हणण्यापेक्षा त्याला गणित म्हणत नव्हत्या असे म्हणणे बरे.

आता ही सुई आली कोठून? युरोपात क्रोशाचे छापील नमुने सापडतात ते १८२० नंतरचे. त्याआधी तेथे एक भरतकाम लोकप्रिय होते : गोल चौकटीवर कापड ताणावयाचे आणि आकडीच्या सुईने खालचा दोरा वर ओढून साखळी उमटवावयाची. ही आकडी युरोपास अठराव्या शतकात पूर्वेकडून मिळाली. कच्छचे मोची आरीने जे भरत भरीत आले आहेत ते याच जातीचे. पुष्कळ अभ्यासकांचा कयास असा की, पुढे कोणीतरी खालचे कापडच काढून टाकले व साखळी हवेत विणली, आणि क्रोशा जन्मला. हा कयास खरा असेल तर सुई आपल्याकडून गेली आणि शंभर वर्षांनी मडमेच्या पिशवीतून परत आली.

परत येण्याआधी ती आयर्लंडात राहिली, आणि तेथला प्रसंग आनंदाचा नाही. १८४५ पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळाने लाखो माणसे मेली. कॉर्कजवळच्या मठातील जोगिणींनी आणि क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड नावाच्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने मुलींना क्रोशा शिकविला, तो शोभेसाठी नव्हे, भाकरीसाठी. व्हेनिसची सुईची जाळी फार मोलाची होती. तिच्यासारखे काम क्रोशाने कितीतरी लवकर उतरे. उठावदार फुलांची परंपरा येथे सिद्ध झाली. आत जाड दोरी घेऊन तिच्यावर खांब घालावयाचे, म्हणजे पाकळी कापडावरून वर उठते. एकीने गुलाबच करावयाचे, दुसरीने पानेच, तिसरीने ती सगळी जाळीत बसवावयाची. लंडन-पॅरिसच्या झग्यांवर जे गुलाब उमलले ते भुकेल्या घरांतले होते.

आपल्या देशात मिशनऱ्यांनी हेच काम गोदावरीच्या मुखाकडे, नरसापूर भागात नेले. तेथे ते घरोघर रुजले, परदेशी निर्यात होऊ लागले, व्यापारी धनवान झाले. १९८२ साली मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे की, दिवसाचे सहा-सहा आठ-आठ तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कोणीच म्हणत नाही. त्या ‘घरी बसलेल्या’, आणि त्यांचे विणणे हा फावल्या वेळचा विरंगुळा. विरंगुळ्याला मजुरीचा दर लागत नाही. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव कायद्याने जपले गेले, ही गोष्ट चांगलीच आहे. दराची गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात ही सुई मुख्यतः शाळेच्या दाराने आली. मुलींच्या शाळेत शिवण-टिपण असले म्हणजे बापाची भीती थोडी कमी होई. मुलगी वाचावयास जाते असे सांगण्यापेक्षा विणावयास जाते असे सांगणे सोपे होते. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, म्हणजे आपल्या या उत्सवाच्या मूळ पुरुषांनी, त्यांच्या पत्नी रमाबाई १९०१ साली विधवा झाल्या, आणि १९०९ साली देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले. तेथे वाचन-लेखनाबरोबर शिवण होते, भरतकाम होते, विणकाम होते. आणि शिकणाऱ्यांत मोठा भाग विधवांचा होता.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. त्या काळी विधवेच्या केसांत फूल चालत नसे. पुष्कळींच्या तर केसच चालत नसत. मोगऱ्याचा गजरा, हळदीकुंकवाच्या तबकातला गुलाब, सगळ्यांवरून तिचा हक्क एका दिवसात उठे. आणि जिला फूल माळण्यास बंदी, तिलाच पोटासाठी कापडावर फुले भरण्यास, सुताची फुले विणण्यास बसविले जाई. ती फुले दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात मांडली जात. सुधारकांचा यात दोष नव्हता, त्यांनी हातात जे देता आले ते दिले, आणि ते दिले म्हणूनच त्या बायका स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. तरीही हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

रुखवताचेही रूप याच सुमारास पालटत होते. रुखवत मूळचे खाण्याचे : वरपक्षासाठी लाडू, करंज्या, शेवया, कुरडया. शिकलेल्या मुलीचे ‘हातचे काम’ दाखविण्याची हौस वाढत गेली तसे त्यात टेबलक्लॉथ आले, मण्यांचे तोरण आले, लोकरीचे तुळशीवृंदावन आले, आणि फुलदाणीत न कोमेजणारे गुलाब आले. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले, त्याच्या आगेमागे विणकामाचे नमुने छापून येऊ लागले. चांगला पीळदार चकचकीत दोरा पुष्कळ काळ स्कॉटलंडातल्या पेसलीचा किंवा फ्रान्समधल्या म्युलहाउसचा असे. ज्यांना तो परवडत नसे त्या गिरणीचे साधे सूत किंवा स्वेटर उसवून निघालेली लोकर वापरीत. नमुनेही दोऱ्याबरोबरच आले, त्यामुळे फुले गुलाबाची, लिलीची, पॅन्सीची. आमच्या डोंगरातल्या फुलांना त्या पुस्तकांत जागा नव्हती.

आजची परिस्थिती अशी. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे भोंगे थंड झाले; भिवपुरीस पाणी अजून पडते, वीज अजून होते, ती दुसरीकडे जळते. मावळात आता हरितगृहे झाली आहेत, तळेगावचे गुलाब फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परदेशी रवाना होतात. या शेतकऱ्यांचा प्लास्टिकच्या फुलांवर राग आहे आणि तो रास्त आहे. साच्यातून हजारांनी पडणारे प्लास्टिकचे फूल खऱ्या फुलाचा भाव पाडते. विणलेल्या फुलाला मात्र कोणी त्याच तराजूत घालू नये. गेल्या काही वर्षांत शहरांतून क्रोशाच्या फुलांचे गुच्छ विकले जाऊ लागले आहेत, तरुण मुली ते करतात, बहुतेक ॲक्रिलिकच्या दोऱ्याचे. गिऱ्हाईक फूल हातात घेते, उलटसुलट करते आणि म्हणते, ‘एवढ्याशा लोकरीचे एवढे पैसे?’

लोकरीचे नव्हेत, दुपारीचे. आणि ती दुपार कशी जाते ते एका आपल्याच फुलावर दाखवून मी बसतो. श्रावण-भाद्रपदात आंदर मावळच्या कुंपणांतून कळलावी फुलते, तिलाच गौरीचे हात म्हणतात. तिच्या सहा पाकळ्या देठाकडे मागे वळलेल्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या व टोकाकडे लाल. सहा केसर चहूबाजूंस ताठ पसरलेले, आणि मधला दांडा एका बाजूस काटकोनात वाकलेला. विणावयाचे झाल्यास मधल्या कड्यातून सहा अरुंद पट्ट्या काढाव्या लागतील. प्रत्येकीत निम्म्यावर पिवळा दोरा सोडून लाल धरावा लागेल. मग दोन्ही कडांना एका घरात तीन-तीन टाके, तेव्हा ती नागमोड येईल. पट्ट्या मागे वळाव्यात म्हणून कड्याच्या पाठीशी एक फेर आवळून घ्यावयाचा. केसरांत बारीक तार, टोकाला दोऱ्याची गाठ. सराईत हाताची एक दुपार त्यात सहज जाईल, आणि दिवेलागणीपर्यंत फार तर दोन फुले होतील.