‘लूट’ : एका क्रियापदाचा विलायतप्रवास

इंग्रजी भाषेने आमच्या देशातून जे शब्द नेले, त्यांत ‘लूट’ ह्या शब्दाची हकीकत निराळी आहे. चटणी, छीट, बंगला हे शब्द वस्तूंबरोबर गेले. लूट हा शब्द कृतीबरोबर गेला, आणि तेथे नाम व क्रियापद अशी दोन्ही पदे त्याने मिळविली. आज लंडनात जमावाने दुकान फोडले, तर तेथील वृत्तपत्रे जे क्रियापद योजतात, ते मूळचे आमच्याकडील आहे.

ह्या शब्दाचे मूळ यूल व बर्नेल ह्यांनी १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात संस्कृत ‘लोप्त्र’ शब्दाशी जोडले. १९०३ च्या आवृत्तीत क्रुक ह्यांनी ‘लुण्ट्’ धातू अधिक योग्य ठरविला. १७८८ साली लंडनात निघालेल्या एका हिंदी शब्दसंग्रहात तो आढळतो. पुढे १८४१ चे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ चा उठाव ह्यांतून शिपायांच्या तोंडी तो इंग्लंडास पोहोचला. १८६० साली पेकिंगचा ग्रीष्म-प्रासाद लुटला गेला, तेव्हा तेथून आणून व्हिक्टोरिया राणीस नजर केलेल्या कुत्रीचे नावच ‘लूटी’ ठेविले होते! शब्द किती घरगुती झाला होता, ह्याचा आणखी पुरावा नको.

इंग्रजीत ह्या अर्थाचे शब्द नव्हते असे मात्र नाही. ‘प्लंडर’ होता, तोही सतराव्या शतकात जर्मनीतील तीस वर्षांच्या युद्धातून आलेला. म्हणजे एकाच कृत्यासाठी ह्या भाषेने दोनदा परक्या रणांगणावरून शब्द घेतला.

आता आमच्या नाशिककडे वळू. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटून परतताना शिवाजीमहाराजांनी वणी-दिंडोरीजवळ मोगलांचा सरदार दाऊदखान ह्यास तोंड दिले. त्या स्वारीस आम्ही आडपडदा न ठेवता ‘सुरतेची लूट’च म्हणतो. १८१८ साली ह्याच प्रांतातून, त्र्यंबकेश्वराच्या देवालयाशी निगडित असलेला ‘नासक’ हिरा पेशव्यांच्या जवाहिराबरोबर कंपनीच्या हाती पडला. तो लंडनास गेला, विकला गेला, पुन्हा पुन्हा पैलू पाडून घेऊन आज त्रेचाळीस कॅरटांवर आला आहे. परंतु ह्या संपत्तीस सरकारी कागदांत ‘लूट’ म्हटलेले नाही. तिचे नाव ‘डेक्कन प्राइझ मनी’. तिच्या वाटणीसाठी हेस्टिंग्जची फौज व हिस्लॉपची फौज वर्षानुवर्षे भांडत राहिल्या, आणि विश्वस्तांत प्रत्यक्ष ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते.

नावाने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. रायगडचे किल्लेदार नारोबा ह्यांची मालमत्ता त्याच धामधुमीत जप्त झाली. त्यांच्या पश्चात दावा लागला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दावेदारांच्या बाजूने दिला. परंतु १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही जप्ती युद्धातील कृत्य होय, सबब तिचा विचार करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही, असा त्याचा आशय. घेतलेला माल तोच, घेणारा हातही तोच. शब्द बदलताच दाद मागण्याचे दार बंद झाले. दुसऱ्याने केली तर लूट, आपण केली तर प्राइझ, हा भेद व्याकरणाचा नव्हे, सत्तेचा आहे. आज विलायतेतील वस्तुसंग्रहालयांतल्या ठेव्यांबद्दल वाद चालतो, तो ह्याच शब्दावर येऊन ठेपतो, हा काळाने उगविलेला सूड म्हणावा काय?

एक गोष्ट मात्र इंग्रजांस नेता आली नाही. आमच्या क्रियापदास दुसरी बाजू आहे. आमच्या सुवासिनी संक्रांतीस वाण लुटतात. म्हणजे काय करतात? वाटतात! दसऱ्यास आपण सोने लुटतो, ते एकमेकांच्या हाती आपट्याचे पान ठेवून. कौत्साच्या कथेतही गुरुदक्षिणेपुरते घेऊन उरलेले सोने लोकांस मोकळे सोडलेले आहे. लुटणे म्हणजे हिसकावणे, तसेच सढळ हाताने देऊन टाकणेही. आणि आनंद तर लुटावयाचाच असतो. विलायतेस निम्मा अर्थ गेला. उरलेला निम्मा अद्याप आमच्या घरांत आहे; तो जपणे मात्र आमच्याच हाती आहे.