बोरघाटाचे ओझे

पुण्याकडे निघालेली मालगाडी कर्जत स्थानकात थांबते, तिच्या पाठीशी जादा इंजिने लागतात आणि मग ती घाट चढू लागते. आम्हा प्रवाशांना कर्जत आठवते ते बटाटेवड्यांमुळे. या थांब्यामागचा इतिहास मात्र सहसा आमच्या ध्यानी येत नाही. माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो, तेव्हा मधले ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हा त्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

घाटात गाडीरस्ता नव्हता, तेव्हा देशावरचा कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरे आणि परतीच्या वाटेवर त्याच पाठींवर मीठ चढे. खालापूरच्या मुलखातून लमाणांचे तांडे पनवेल बंदर गाठीत. तेथे माल होड्यांत भरला जाई आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळीत मुंबईस पोहोचे. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातून गाडीरस्ता झाला. बैलाच्या पाठीवरची गोणी आता गाडीत विसावली. पनवेलला मात्र ती हमालाच्या पाठीवर येतच राहिली.

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८५६ मध्ये तिचे रूळ खोपोलीस, थेट घाटाच्या पायथ्याशी, येऊन थांबले. १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला. मधला घाट तेवढा उरला! पुण्याहून निघालेली कापसाची गासडी खंडाळ्यास उतरे, बैलगाडीने घाट उतरून खोपोलीस येई आणि तेथे पुन्हा डब्यात चढे. एका प्रवासात दोनदा उतरवणे, दोनदा चढवणे. त्यात वेळ जाई, पैसा जाई, पावसाळ्यात मालही भिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली आणि हा खंड व्यापाऱ्यांना अधिकच सलू लागला.

तो सांधण्याचे काम १८५६ पासून चालूच होते. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, दरीवरचे ८ मोठे पूल! कड्यावर पाय ठेवायलाही जागा नसे, तेथे दोरांना लोंबकळून मजूर सुरुंगाची भोके पाडीत. १८६१ च्या सुमारास एका वेळी ४०,००० हून अधिक माणसे या कामावर होती. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून दंगाही उसळला. पटकी व तापाने हजारो माणसे दगावली. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आले आणि अल्पावधीतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्याबरोबर तिचेही नाव इतिहासात राहिले. ज्यांनी कातळ फोडला त्यांची नावे मात्र आम्हांस वाचावयास मिळत नाहीत.

१८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे रूळ सलग झाले. गासडी आता मध्ये उतरेनाशी झाली. व्यापाराचा तो लाभच. पण घाटातल्या गाडीवानाचे आणि हमालाचे काम त्याच दिवशी ओसरू लागले. मुख्य मार्ग पळसदरीवरून घाटात वळला आणि काही वर्षे शेवटचे स्थानक म्हणून गजबजलेली खोपोली फाट्यावरचे गाव झाली.

आज न्हावाशेवा बंदरात जहाजातून उतरलेली पोलादी पेटी न उघडता मालट्रकवर वा रेल्वेच्या वाघिणीवर चढते. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. खालापूर तालुक्यातून जाणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. माल हलविण्याची रीत इतकी सुधारली, याचा आनंद आम्हांस आहेच. तथापि प्रत्येक सुधारणेच्या वेळी दोन हिशेब मांडावयास हवेत: मालाचा किती वेळ वाचला हा एक, आणि त्यापायी कोणाचा जीव वा रोजगार गेला हा दुसरा. बोरघाटाचा पहिला हिशेब चोख ठेवला गेला. दुसरा मांडणे अजून आमच्याकडे बाकी आहे.