अभिरुचीचे अभिसंधान आणि इंदापूरचे ‘पानी’

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव १८३६ च्या जमाबंदीमुळे परिचित आहे. भाषेच्या अभ्यासकासही तेथे एक प्रश्न सापडतो. इंदापूर-बारामतीकडील ग्रामीण बोलीत, देशावरील इतर अनेक बोलींप्रमाणे, ‘पाणी’, ‘लोणी’ हे शब्द ‘पानी’, ‘लोनी’ असे उच्चारले जातात. सुशिक्षित कानास हा नकार ओबडधोबड वाटतो. ही नापसंती निसर्गदत्त आहे की शिकविलेली?

नकारात स्वतःचा काही दोष असता, तर हिंदीतील ‘पानी’ही त्याच कानास खटकले असते, तसे होत नाही. तेव्हा दोष ध्वनीचा नसून त्याच्या साहचर्याचा आहे.

हे साहचर्य कसे जडते, याचा विचार पाव्हलोव्हच्या अभिसंधानविषयक प्रयोगांपासून सुरू होतो. १९५८ साली आर्थर व कॅरोलिन स्टाट्स यांनी तो शब्दांस लावला. विद्यार्थ्यांस पडद्यावर ‘डच’, ‘स्वीडिश’ अशी नावे दाखवीत व त्याच वेळी शब्द ऐकवीत. एका नावाबरोबर सुखद शब्द येत, दुसऱ्याबरोबर अप्रिय. दुसऱ्या गटात हा क्रम उलटा असे. अखेरीस ज्या नावास सुखद शब्दांची जोड मिळाली होती, ते अधिक आवडल्याचे दिसले.

१९६० साली लॅम्बर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी माँट्रिआल येथे त्याच द्वैभाषिक व्यक्तींचे इंग्रजी व फ्रेंच वाचन श्रोत्यांस ऐकविले. फ्रेंचभाषक श्रोत्यांनीही बहुतेक गुणांत इंग्रजी आवाजास झुकते माप दिले. समाजाने ठरविलेली प्रतिष्ठा स्वभाषेच्या प्रेमावरही मात करते, हा त्याचा अर्थ होय.

महाराष्ट्रात अशी जोड शाळेने व छापील पुस्तकाने घातली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला. १९६२ साली लेखनाचे नियम शासनमान्य झाले. प्रमाणरूपाची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु ‘णकार’ शाबासकीशी व ‘नकार’ हशाशी वर्षानुवर्षे जोडला गेला, म्हणजे नियमाची अभिरुची बनते आणि मूल आईच्या बोलीस लाजू लागते.

येथे सावधगिरी हवी. प्रयोगाचा हेतू ओळखूनच विद्यार्थी तसे उत्तर देतात, असा आक्षेप पेज याने १९६९ साली स्टाट्स यांच्या प्रयोगावर घेतला. म्हणून मनुष्य अभिसंधानाचा केवळ दास आहे, असे म्हणता येणार नाही. उलट, जडलेली जोड त्यास उमगू शकते. प्रमाणभाषा शिकवूनही बोलीची अप्रतिष्ठा टाळता येईल, ही आशा त्यावरच उभी आहे.