घोडेस्वाराचे दोन शत्रू

इतिहासाच्या पुस्तकांत घोडेस्वार आपल्याला भेटतो तो बहुधा घोड्यावर बसलेला. तो कोणाशी लढला, कोणते ठाणे त्याने घेतले, हे आपण वाचतो. तो घोड्यावरून पडला म्हणजे त्याचे काय होत असे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. बीड जिल्ह्याने तरी तो विचारावयास हवा. गोदावरीकाठी राक्षसभुवनला मराठ्यांच्या फौजेने मोठा विजय मिळविला तो याच भूमीवर. आणि ज्या अंबाजोगाईला निजामी अमलात मोमिनाबाद म्हणत, तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी होती. घोड्यांच्या टापांची या मुलखाला जुनी ओळख आहे.

स्वाराला शत्रू दोन असतात. एक समोरून शस्त्र घेऊन येणारा आणि दुसरा पायांखालची जमीन. पहिल्यापासून बचाव कसा करावा याचा विचार माणसाने हजारो वर्षे केला. दुसऱ्याचा शास्त्रशुद्ध विचार करावयास विसावे शतक उजाडावे लागले.

पहिल्या शत्रूसाठी केलेली तयारी आपण वस्तुसंग्रहालयांत पाहतो. पोलादी टोप, मानेवर व खांद्यांवर लोंबणारी कड्यांची जाळी, अंगात चिलखत, त्यावर छाती, पाठ व दोन्ही कुशी झाकणारे चार पत्र्यांचे चार-आइने, हातावर दस्ताने आणि पाठीवर ढाल. या साधनांचे मोल काय, हे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी दिसून आले. शिवाजी महाराजांच्या अंगात चिलखत आणि मस्तकावर टोप होता. अफजलखानाचा वार चिलखतावर खरखरून वाया गेला. कड्यांची जाळी पात्याची धार अडविते, हे तिचे काम. पण ती धक्का अडवीत नाही. चिलखतावर गदेचा घाव बसला तर कातडी फाटणार नाही. बरगडी मात्र मोडेल. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

मराठ्यांचा सर्वसामान्य बारगीर किंवा शिलेदार असा पोलादात मढलेला नसे. पागोटे, अंगरखा, तुमान, ढाल, तलवार आणि भाला एवढ्यावर तो निघे. याचे एक कारण गरिबी हे खरेच. पण दुसरे कारण युद्धशास्त्राचे होते. दख्खनच्या लहानखुऱ्या, काटक तट्टावर आठ-दहा किलोंचे लोखंड लादले तर त्याची चाल मंदावते, आणि चाल हेच तर मराठ्यांचे कवच होते. वार झेलण्यापेक्षा वाराच्या टप्प्यात न सापडणे त्यांनी अधिक पसंत केले.

१० ऑगस्ट १७६३ चे राक्षसभुवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. निजामअली काही फौजेसह गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिणतीरावर होता आणि नदीला पूर होता. अशा दुभंगलेल्या सैन्यावर मराठ्यांनी झडप घातली. राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे मदतीस धावले आणि लढाईचे पारडे फिरले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या तीरावरून निजामाला काहीच करता आले नाही. वेग हे संरक्षण कसे ठरते, त्याचा हा आपल्या घरचा दाखला होय.

परंतु वेगाला स्वतःची किंमत असते आणि ती दुसरा शत्रू वसूल करतो. शहाजीराजांचे उदाहरण घ्या. १६२४ च्या भातवडीच्या लढाईपासून चाळीस वर्षे या पुरुषाने रणांगणे पाहिली. निजामशाही, मोगल, आदिलशाही यांच्या उलथापालथींतून तो तरून गेला. शेवटी मृत्यू आला तो २३ जानेवारी १६६४ रोजी, कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी. भरधाव घोड्याचा पाय वेलीत गुंतला, घोडा कोसळला आणि राजे गेले. तेथे शत्रू नव्हता, तलवार नव्हती. त्यापूर्वी साडेचारशे वर्षे, १२१० मध्ये, दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक लाहोरला चौगान खेळताना घोड्यासह पडला आणि खोगिराचा पुढचा उंचवटा छातीत घुसून मेला. एकाचा प्राण वेलीने घेतला, दुसऱ्याचा त्याच्याच खोगिराने.

इंग्रजी अमलातही विचार राहिला तो तलवारीचाच. कॅप्टन नोलन याने १८५३ मध्ये घोडदळावर ग्रंथ लिहिला, त्यात निजामाच्या स्वारांची वाखाणणी आहे. इंग्रजांनी टाकून दिलेली जुनी पाती हे स्वार वस्तऱ्यासारखी परजीत आणि धार बोथटू नये म्हणून लाकडी म्यानात ठेवीत. पुढे कंटिंजंटच्या रिसाल्यांतून डेक्कन हॉर्स ही पलटण घडली, आणि १४ जुलै १९१६ रोजी तिच्या स्वारांनी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर भाले रोखून चाल केली. मशीनगनच्या युगातील ती अखेरच्या काही चालींपैकी एक होय. त्यानंतर घोडा हळूहळू रणांगणावरून निघून गेला. त्याच्याबरोबर स्वाराचा पहिला शत्रूही गेला. दुसरा तेथेच राहिला.

त्याचे बळ किती, याचा हिशेब साधा आहे. घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे सव्वादोन मीटर उंच असते. घोडा स्तब्ध उभा असतानाही तेथून डोके खाली आले तर जमिनीशी ते ताशी सुमारे २४ किलोमीटर वेगाने भिडते. कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे जातच राहतो, आपटतो, पिळवटतो. नुसता पोलादी टोप फत्तराची धार अडवील. मेंदूला बसणारा हिसका त्याने फारसा कमी होत नाही. डोक्याला थांबावयास चार अंगुळे जागा व थोडा अवधी मिळावा लागतो.

हे ज्ञान घोड्यावरून नव्हे, मोटारसायकलवरून आले. १९३५ मध्ये अरबस्तानच्या युद्धात गाजलेला लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून मेंदूच्या इजेने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शल्यतज्ज्ञ होते. त्यांनी लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सेनेत अशा स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९५३ मध्ये अमेरिकेत लॉम्बार्ड व रॉथ यांना नव्या रचनेच्या शिरस्त्राणाचे पेटंट मिळाले: बाहेर कठीण कवच आणि आत चिरडून जाणारा फेसाळ थर. तो थर स्वतः चिरडतो आणि मेंदूवरचा घाव कमी करतो. म्हणूनच एकदा जोराचा मार खाल्लेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. हनुवटीचा पट्टा न बांधलेले शिरस्त्राण तर पहिल्याच गचक्याला डोक्यावरून निघून जाते.

शरीराच्या बाबतीतही हेच तत्त्व. आजच्या स्वाराची छातीवरची बंडी लोखंडाची नसून जाड फोमची असते. ती बरगड्यांना व पोटातील अवयवांना लाथेपासून व आपटण्यापासून बरेच वाचविते. पण तिलाही मर्यादा आहे. १९९५ मध्ये अमेरिकन नट ख्रिस्तोफर रीव्ह शिरस्त्राण व बंडी घालूनच अडथळ्यावर पडला. मेंदू वाचला, मानेचा मणका मोडला. कवच हे शहाणपणाला पर्याय नव्हे. टाचेचा जोडा घालावा, म्हणजे पाय रिकिबीत आरपार जाऊन स्वार फरफटत जात नाही. तंग पुन्हा ताणून पाहावा. बुजऱ्या घोड्यावर नवशिक्याला बसवू नये, हे आपल्या वाडवडिलांचे नियम आजही तितकेच खरे आहेत.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मराठवाड्याचे लोक आजही घोडे पाहावयास, घ्यावयास जातात. लग्नाच्या वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो, हौसेने पोरालाही पुढे बसवितात. त्या पोराच्या डोक्यावर फेटा असतो. तो शोभेचा आहे, असावाही. पण घोडा दौडविण्याची वेळ आली की फेट्याच्या जागी शिरस्त्राण आले पाहिजे. यात पराक्रमाला कमीपणा नाही. चिलखत घालून प्रतापगडाखाली गेलेल्या राजाला कोणी भित्रा म्हटलेले नाही. त्यांनी आपला शत्रू ओळखला आणि त्याला साजेसे कवच घातले. आपला शत्रू आता जमीन आहे. घोड्यावर बसणाऱ्याचा आणि फटफटीवर बसणाऱ्याचाही. अंबाजोगाईला, जेथे एके काळी रिसाल्याची छावणी होती, तेथे १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोके फुटलेला माणूस आज तेथे पोचू शकतो, ही मोठी सोय झाली. त्याला तेथे जावेच लागू नये, एवढे मात्र ज्याचे त्याने घरातून निघतानाच पाहावयाचे आहे.