गोमंतकाचा गाळ आणि खाजनांचे बांध

गोमंतकाच्या इतिहासात राजवटी, देवालये आणि स्थलांतरे यांची नोंद पुष्कळ झाली आहे. मात्र ज्या नद्यांच्या काठी हा इतिहास घडला, त्यांच्या गाळाकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः याच गाळाने एका नामांकित बंदराच्या ऱ्हासास हातभार लावला, आणि याच गाळाने शतकानुशतके भाताची कोठारे भरली.

कदंब राजांनी अकराव्या शतकात आपली राजधानी चंद्रपुराहून जुवारीच्या उत्तर तीरावरील गोपकपट्टणास आणली. तेथून दूरदूरच्या देशांशी सागरी व्यापार चाले. चौदाव्या शतकातील स्वाऱ्यांनी हे नगर खिळखिळे झाले. जुवारीचे पात्र गाळाने उथळ होत गेल्यामुळे व्यापार मांडवीकाठच्या एळा येथे सरकला, असे इतिहासकार मानतात. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने जिंकले ते हेच एळा.

हा गाळ नेमका खाडीतच का साचावा? चिकणमातीचा कण दोन सहस्रांश मिलिमीटरहून लहान असतो. असा कण स्थिर गोड्या पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे तीन दिवस घेतो. कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात व पाणी गढूळच राहते. समुद्राचे खारे पाणी मिसळताच क्षारांमुळे हा दुरावा नाहीसा होतो. कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात. असा पुंजका तेच अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापू शकतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली असता घरोघरी जे घडते, तेच खाडीत समुद्राच्या मिठाने घडते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी जे थोडा वेळ स्तब्ध होते, त्या अवधीत हे पुंजके तळाशी बसतात.

परंतु नुकताच बसलेला गाळ भुसभुशीत असतो आणि पुढच्या प्रवाहाबरोबर पुन्हा उठतो. त्यातील पाणी हळूहळू निथळून तो घट्ट झाला, म्हणजेच तो प्रवाहास दाद देत नाही. गोमंतकाच्या ग्रामसंस्थांनी हे मर्म अनुभवाने ओळखले होते. खाडीतीलच चिखल थरावर थर देऊन, चोपून व वाळवून त्यांनी बांध उभारले आणि गरजेप्रमाणे त्यांस जांभ्या दगडांचा आधार दिला. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटत व ओहोटीस उघडत. आतील खाजनांत खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिके, तर मानशीवरील मासळीच्या लिलावाचे उत्पन्न गावास मिळे.

ही विद्या फार जुनी आहे. फोंडे महालातील बांदिवडे येथे मिळालेल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात, सुमारे सहाव्या शतकात, बांध घालून खाजन जमीन भातशेतीस आणण्याचा निर्देश आहे. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने जी सनद काढली, तिच्यात गावकऱ्यांचे परंपरागत हक्क व कर्तव्ये नोंदली गेली. पुढे त्याच शतकात जुवारीकाठच्या कुशस्थळीहून श्रीमंगेश व केळशीहून श्रीशांतादुर्गा अंत्रुज महालात आली. महाजनांनी देव पैलतीरी नेले. बांध मात्र मागेच राहिले, आणि ज्या हातांनी ते राखले त्यांपैकी अनेकांचा धर्म बदलला. तरी भरतीच्या वेळा बदलल्या नाहीत आणि राखणही सुटली नाही.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू ग्रामसंस्थांकडून कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्यास न्याय मिळाला. पण बांध राखण्याची जुनी घडी अनेक ठिकाणी विसकटली. त्याच काळात लोहखनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांचा माराही वाढला. खेकड्याच्या बिळाएवढे छिद्रही वेळीच बुजविले नाही, तर भरतीचे पाणी ते रुंदावत नेते, आणि एका खिंडाराने सबंध खाजन खारे होऊन तेथे तिवरे माजतात.

गाळ निसर्ग देतो. त्याची भूमी माणसे करतात, आणि ती भूमी टिकते नित्याच्या देखभालीनेच. ज्या घराण्यांनी परक्या गावी आपल्या देवांची व्यवस्था शतकानुशतके अखंड चालविली, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे. मागे राहिलेले बांध हाही त्यांच्याच पूर्वजांचा ठेवा आहे.