गड वरून, गड जवळून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बडनेऱ्यात माणूस वर पाहतो तो पावसाचा अंदाज घ्यायला. वरून खाली पाहण्याची सोय आता झाली. एप्रिल २०२५ मध्ये जवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि खिडकीजवळ बसणाऱ्याला काळ्या रानांचं वऱ्हाड दिसू लागलं. पण विमान थांबत नाही. हेलिकॉप्टर मात्र हवेत एका जागी थबकतं, गडाभोवती घिरट्या घालतं. छायाचित्रकाराला तेच हवं असतं.

ही हौस जुनी आहे. १८५८ साली पॅरिसजवळ नादार यांनी फुग्यातून छायाचित्र घेतलं. ते टिकलं नाही. १८६० साली जेम्स ब्लॅक यांनी टिपलेलं अमेरिकेतलं बोस्टन शहर हे आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं हवाई छायाचित्र. पहिल्या महायुद्धात विमानातले कॅमेरे शत्रूचे खंदक हुडकत होते. पुढे त्याच विद्येनं इंग्लंडात ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी मातीत बुजलेला इतिहास शोधला. सकाळच्या तिरप्या उन्हात बुजलेल्या बांधाचीही सावली पडते आणि जमिनीवर न कळणारी रेघ वरून स्पष्ट उमटते.

महाराष्ट्रात नौदलातले गोपाळ बोधे यांनी हे काम निष्ठेनं केलं. २०१० साली उद्धव ठाकरे यांचं हवाई छायाचित्रांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक आलं आणि गडांची ही रूपं घरोघरी पोचली. काम सोपं नाही. वारा अंगावर येतो, यंत्राचा हादरा हातात उतरतो. कॅमेरा हेलिकॉप्टरला टेकवायचा नाही, नाहीतर चित्र हलतं.

या उंचीवरून काय कळतं, हे आमच्या मेळघाटातल्या गाविलगडावरून सांगता येईल. दक्षिणेला तुटलेला कडा, त्या अंगाला आतला किल्ला. उत्तरेकडून त्याला झाकणारा बाहेरचा किल्ला, कारण तिकडे डोंगर पठाराला जोडलेला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसल्यांचा हा गड घेतला, तो उत्तरेच्या तटाला खिंडार पाडून. मग शिड्या लावून आतला तट चढले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पायी फिरताना बुरुजामागून बुरुज लागतात आणि दिशा हरवते. वरून गडाची ताकद आणि त्याचं वर्म एकाच नजरेत येतं.

पण वरून सगळं दिसत नाही. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा बहामनी काळातला, पंधराव्या शतकाच्या अखेरचा. नाव देवीचं आणि दगडावर नक्षीसारखी वळणदार अरबी अक्षरं. कुणाला त्यात विसंगती दिसेल. मी कविता मराठीत लिहितो. मला त्यात माझं वऱ्हाड दिसतं. हेलिकॉप्टरमधून तो दरवाजा नखाएवढा दिसेल, अक्षरं दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी चढ चढून, घाम पुसत दगडासमोर उभं राहावं लागतं.

इतिहासाचंही तसंच आहे. लांबून पाहिला की कोण जिंकलं, कोण हरलं एवढंच उरतं. तो नकाशा हवाच. त्याशिवाय लढाई समजत नाही. पण तेवढ्यावरच जो माणसांचा निवाडा करतो, त्यानं एकदा खाली उतरून दरवाजा वाचावा.